नियम, पैसा आणि शर्यत: मोटरस्पोर्टबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शर्यत रटाळ झाली की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, ‘नियमांनी खेळ मारला’. दुसरं, ‘पैशाने खेळ विकला’. दोन्हींत तथ्य आहे, पण नुसतं एवढं म्हणून भागत नाही. काही नियमांनी शर्यती खरोखर सुधारल्या आणि त्यांतले काही तर धंद्याच्या गरजेतूनच आले. माझं मत आधीच सांगून टाकतो: सुरुवातीचे दिवे विझण्याआधी जे नियम आपलं काम उरकतात, म्हणजे गाडीची रचना, खर्च, पैशाची वाटणी वगैरे, ते बहुधा कामी येतात. शर्यत सुरू झाल्यावर तिच्यात हात घालणारे नियम बहुधा घोळ घालतात. खालची उत्तरं त्याच नजरेने लिहिली आहेत.

हे नियम बनवतं कोण?

मालिकेगणिक उत्तर बदलतं. फॉर्म्युला वन, रॅली आणि एन्ड्युरन्सच्या (तासन्‌तास चालणाऱ्या शर्यतींच्या) जागतिक स्पर्धा एफआयए या आंतरराष्ट्रीय मोटार संघटनेच्या अखत्यारीत येतात, मोटरसायकलींची मोटोजीपी एफआयएम या आंतरराष्ट्रीय मोटरसायकल संघटनेच्या. अमेरिकेतली नॅसकार मात्र १९४८ पासून फ्रान्स कुटुंबाच्या ताब्यातली खासगी कंपनी आहे. तिथे नियम करणारा आणि खेळ विकणारा एकच.

फॉर्म्युला वनमध्ये प्रस्ताव आधी फॉर्म्युला वन कमिशनपुढे येतो. २०२५ पर्यंत तिथलं गणित असं होतं: एफआयएची १० मतं, व्यावसायिक हक्कधारकाची १० आणि दहा संघांचं प्रत्येकी एक. एरवीच्या बदलाला २५ मतं लागत, चालू मोसमात आयत्या वेळी काही बदलायचं तर २८. म्हणजे एफआयए आणि हक्कधारक एकदिलाने उभे राहिले तरी निदान पाच संघ फोडावे लागत, मोसमाच्या मध्यात आठ. ज्याची गाडी पुढे आहे तो बदलाला सहसा राजी नसतो, जो मागे आहे त्याला कालच्या कालच बदल हवा असतो. शर्यत रंगतदार व्हावी म्हणून मत देणारं त्या खोलीत वेगळं कुणी नसतं.

‘व्यावसायिक हक्कधारक’ ही काय भानगड आहे?

प्रक्षेपण, जाहिराती आणि यजमान ट्रॅककडून मिळणारं शुल्क, ही सगळी कमाई ज्याच्या हातात तो हक्कधारक. युरोपीय आयोगाच्या स्पर्धा विभागाने १९९०च्या दशकात एफआयएची चौकशी केली. नियम करणाऱ्या संस्थेने त्याच खेळाचा धंदाही करू नये, असा त्याचा रोख होता. त्यातून २००१ मध्ये तोडगा निघाला आणि एफआयएने फॉर्म्युला वनचे व्यावसायिक हक्क २०११ ते २११० अशा शंभर वर्षांसाठी बर्नी एक्लस्टन यांच्या कंपन्यांना भाड्याने दिले. रक्कम होती तीस कोटी डॉलरहून थोडी जास्त. जानेवारी २०१७ मध्ये लिबर्टी मीडियाने हा धंदा विकत घेतला तेव्हा त्याचं एकूण मूल्य ८०० कोटी डॉलर धरलं गेलं होतं. शंभर वर्षांचं भाडं किती स्वस्तात गेलं, हे कळायला हे दोन आकडे शेजारी ठेवले की पुरे.

फेरारीला खरंच नकाराधिकार आहे का?

आहे, आणि तो नुसता कागदावर नाही. एफआयएला इंजिनांच्या किमतीवर मर्यादा आणायची होती. २०१५ मध्ये फेरारीने नकाराधिकार वापरून तो प्रस्ताव अडवला, हे एफआयएनेच जाहीर केलं. कमाईच्या वाटणीतही फेरारीला निकालाशी संबंध नसलेली जादा रक्कम मिळते. इतर संघ कुरकुरतात, पण फेरारी नसलेली फॉर्म्युला वन विकायला बसलं तर भाव काय येईल, हे त्यांनाही ठाऊक आहे.

‘चांगली शर्यत’ कशी ओळखायची? ओव्हरटेक मोजायचे का?

मोजा, पण त्यावर निकाल देऊ नका. २००५ च्या सॅन मारिनो ग्रांप्रीत (ट्रॅक इमोलाचा) शूमाकरची फेरारी शेवटच्या दहा-बारा फेऱ्या अलोन्सोच्या रेनोला चिकटून होती. शूमाकरची गाडी उघड वेगवान होती. अलोन्सो प्रत्येक वळणाला नेमकी हवी ती जागा अडवून, जिथून निसटायचं तिथून निसटून पुढे राहिला आणि ०.२१५ सेकंदाने जिंकला. आघाडीसाठी त्या झुंजीत एकही ओव्हरटेक झाला नाही, तरी इमोलाची ती दुपार लोक आजही काढून पाहतात. उलट लांबलचक सरळ रस्त्यावर बटण दाबून बाजूने निघून गेलेली गाडी यादीत ‘ओव्हरटेक’ म्हणून जमा होते, पण दुसऱ्या दिवशी कुणाला आठवत नाही.

ओव्हरटेक होऊ शकतो अशी धास्ती शेवटपर्यंत टिकली पाहिजे, माझ्या लेखी हीच कसोटी.

मग गाड्या एकमेकींच्या मागे लागूच का शकत नाहीत?

हवेमुळे. पुढच्या गाडीचे पंख हवा ढवळून मागे फेकतात. मागच्या गाडीला वळणात जमिनीशी दाबून धरणारा डाउनफोर्स हवेतूनच मिळतो आणि ढवळलेल्या हवेत तो घटतो. गाडी घसरते, टायर तापतात, चालकाला मागे सरावं लागतं. फॉर्म्युला वनने स्वतः दिलेल्या आकड्यांनुसार जुन्या पद्धतीची गाडी पुढच्या गाडीपासून २० मीटरवर ३५ टक्के आणि १० मीटरवर ४६ टक्के डाउनफोर्स गमावत होती. २०२२ च्या नियमांत गाडीच्या पोटाखालून वाहणाऱ्या हवेवर, म्हणजे ग्राउंड इफेक्टवर भर दिला. त्यात हे नुकसान अनुक्रमे ४ आणि १८ टक्क्यांवर येईल असं गणित होतं.

या कामासाठी हक्कधारकाने स्वतःचे अभियंते बसवले होते, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ज्याची गाडीच शर्यतीत नाही अशा माणसांनी गाडीच्या नियमांवर काम केलं, आणि त्यांचा पगार धंद्यातून आला.

पुढे काय झालं? संघ ते संघच. नियमांत जिथे जिथे फट होती तिथून त्यांनी हवा बाहेरच्या बाजूला फेकण्याच्या युक्त्या शोधल्या. २०२४-२५ पर्यंत चालक पुन्हा तक्रार करू लागले की मागे राहता येत नाही. २००९ मध्येही हेच झालं होतं. मागची गाडी जवळ राहावी म्हणून नियम बदलले आणि ब्रॉन, टोयोटा व विल्यम्स मोसमाच्या पहिल्याच शर्यतीला दुहेरी डिफ्यूझर (गाडीच्या मागच्या पोटाखालून हवा खेचून डाउनफोर्स वाढवणारा भाग) घेऊन हजर. ते वैध ठरलं, मग बाकीच्यांनीही उचललं, आणि मूळ हेतू राहिला बाजूला. अभियंत्याला दोष देण्यात अर्थ नाही. पळवाट शोधण्याचाच त्याला पगार मिळतो.

डीआरएस चांगलं की वाईट?

कुबडी म्हणून ठीक. २०११ मध्ये आलं. ठरलेल्या जागी पुढच्या गाडीपासून एका सेकंदाच्या आत असाल तर मागच्या पंखाची फळी उघडायची आणि सरळ रस्त्यावर वेग मिळवायचा. ढवळलेल्या हवेत वळणात जे गमावलं ते सरळ रस्त्यावर भरून द्यायचं, असा हिशेब. गोम अशी की पुढच्याला ते वापरून बचाव करता येत नसे. पट्टा थोडा जास्त लांब ठेवला की झुंज वळणाआधीच संपायची. कुबडी तात्पुरती म्हणून आणली आणि २०२५ च्या शेवटापर्यंत वापरली.

टायर मुद्दाम लवकर झिजणारे बनवतात, हे खरं का?

खरं. २०१० च्या कॅनडा ग्रांप्रीत टायर अनपेक्षितपणे झिजले आणि शर्यत धमाल झाली. २०११ पासून एकमेव पुरवठादार झालेल्या पिरेलीला तसंच काहीतरी बनवायला सांगण्यात आलं. शर्यती हलत्या झाल्या, पण चालक टायर जपायला वेग कमी ठेवून चालवू लागले. २०१३ मध्ये सिल्व्हरस्टोनला भर वेगात एकामागून एक टायर फाटले आणि सगळ्यांचीच तंतरली. टायरवाल्याची पंचाईत बघा: टिकाऊ माल दिला तर शर्यत कंटाळवाणी, झिजणारा दिला तर बदनामी त्याचीच.

नियमामुळे शर्यतच मोडली असं कधी झालंय?

इंडियानापोलिस, १९ जून २००५. त्या मोसमात शर्यतीत टायर बदलायला बंदी होती. एकच संच पात्रता फेरी (सुरुवातीचा क्रम ठरवणारी) आणि संपूर्ण शर्यत टिकवायचा. त्या ट्रॅकच्या शेवटच्या कललेल्या वेगवान वळणात मिशेलिनचा मागचा टायर तग धरत नाही, हे सरावात राल्फ शूमाकरच्या अपघाताने उघड झालं. मिशेलिनने सांगून टाकलं की या वळणात वेग कमी केल्याशिवाय आमच्या टायरवर शर्यत सुरक्षित नाही. वळणाआधी तात्पुरती शिकेन (वेग कमी करायला लावणारं नागमोडी वळण) टाकावी, अशी संघांची मागणी. एफआयएचं म्हणणं, ज्यांनी योग्य टायर आणले त्यांना शिक्षा का द्यायची?

दोघांचंही बरोबर होतं, आणि तिथेच सगळं अडलं. वीस गाड्या फॉर्मेशन लॅपला, म्हणजे सुरुवातीआधीच्या संथ फेरीला निघाल्या. मिशेलिनच्या चौदा गाड्या एकामागून एक पिटमध्ये वळल्या. ग्रिडवर, म्हणजे सुरुवातीच्या रांगेत उरल्या ब्रिजस्टोनच्या सहा: दोन फेरारी, दोन जॉर्डन, दोन मिनार्डी. प्रेक्षकांनी ट्रॅकवर बाटल्या फेकल्या. पुढे मिशेलिनने तिकिटांचे पैसे परत देऊ केले. पैसे मोजून आलेल्या माणसाची बाजू मांडणारं त्या सकाळच्या बैठकांत कुणीच नव्हतं. टायर बदलायची बंदी पुढच्याच वर्षी गेली.

पात्रता फेरीशी इतके खेळ का करतात?

रोग रेड्याला, औषध पखालीला. २०१६ मध्ये मर्सिडीजच्या गाड्या हुकमी पुढे होत्या. उपाय काय काढला, तर दर ९० सेकंदांनी सर्वांत मंद चालक बाद! मेलबर्नला पहिल्यांदा प्रयोग झाला आणि शेवटची काही मिनिटं ट्रॅक ओस पडला, कारण ज्यांचं काम झालं ते टायर वाचवायला गाडीतून उतरून मोकळे. बहारीननंतर ही पद्धत गुंडाळली. त्याआधी २०१४ मध्ये शेवटच्या अबुधाबी शर्यतीला दुप्पट गुण दिले होते. तेही एकाच मोसमात संपलं.

२०२१ ची अबुधाबी शर्यत ‘शो’साठी फिरवली गेली का?

कट होता असं म्हणायला आधार नाही. पण दबाव होता, आणि तो लपलेलाही नाही. ५८ फेऱ्यांच्या शर्यतीत ५३ व्या फेरीला विल्यम्सचा लतीफी धडकला, सेफ्टी कार आली, म्हणजे सगळ्यांनी तिच्यामागे संथ चालायचं. वर्स्टापेनने नवे मऊ टायर घेतले. हॅमिल्टन झिजलेल्या टायरवर पुढे. दोघांच्या मध्ये एक फेरी मागे पडलेल्या पाच गाड्या होत्या. रेस डायरेक्टर, म्हणजे शर्यत चालवणारे अधिकारी मायकेल मासी यांनी फक्त त्या पाचांना पुढे जाऊ दिलं, मागे पडलेल्या बाकीच्यांना नाही, आणि लगेच एका फेरीसाठी शर्यत सुरू केली. वर्स्टापेन विश्वविजेता झाला.

स्ट्युअर्डांच्या, म्हणजे शर्यतीच्या पंचांच्या निर्णयातलं एक वाक्य लोक विसरतात. शक्य असेल तिथे शर्यत सेफ्टी कारमागे न संपता खुल्या ट्रॅकवर संपावी, यावर सगळ्या संघांचं आधीपासून एकमत होतं, असं मासींनी सांगितलं होतं. म्हणजे संघांनीच ते मागितलं होतं! वर त्या वर्षी संघप्रमुख आणि रेस डायरेक्टर यांचं रेडिओवरचं बोलणं टीव्हीवर ऐकवायला सुरुवात झाली होती, त्यामुळे निर्णय घेणाऱ्या माणसाच्या कानात दोन्हीकडची वकिली चालू आणि जग ऐकतंय. एफआयएच्या चौकशीत ‘मानवी चूक’ असा निष्कर्ष निघाला, निकाल कायम राहिला, मासींना हटवलं आणि संघप्रमुखांचा तो थेट रेडिओ बंद झाला.

त्याच वर्षी बेल्जियमच्या स्पा ट्रॅकवर पावसात सेफ्टी कारमागे काही फेऱ्या काढून निम्मे गुण वाटले गेले. विजेत्याला १२.५. एकही खरी फेरी न होता ‘निकाल’ लागला. तो नियमही नंतर बदलला.

स्प्रिंट शर्यतींनी काय साधलं?

स्प्रिंट म्हणजे मुख्य शर्यतीच्या आदल्या दिवशीची छोटी शर्यत. तिने प्रामुख्याने शुक्रवार विकायला काढला. सरावाची दोन सत्रं गेली, त्याजागी निकाल लागणारं काहीतरी आलं. २०२१ मध्ये तीन होत्या, २०२३ पासून सहा. एक फायदा मान्य करायला हवा: सराव कमी म्हणजे संघांची तयारी अर्धवट, आणि अर्धवट तयारीतूनच रविवारी गंमत होते.

शहरांतले नवे ट्रॅक पैशासाठीच येतात ना?

बव्हंशी हो. यजमान शुल्क हा उत्पन्नाचा मोठा भाग आहे आणि सरकार मागे उभं असलेल्या आयोजकाशी जुना, स्वतःच्या तिकीटविक्रीवर चालणारा ट्रॅक टक्कर देऊ शकत नाही. स्पासारखा ट्रॅकही २०२८ आणि २०३० ला वेळापत्रकात नसेल.

पण शहरातला ट्रॅक म्हणजे वाईट शर्यत, असं समीकरण मांडू नका. लास व्हेगासची २०२३ ची शर्यत हक्कधारकाने स्वतः आयोजित केली होती. पहिल्या सरावात आठ-नऊ मिनिटांतच रस्त्यातल्या एका चौकोनी झाकणाने साइन्झच्या फेरारीचं पोट फाडलं. दुसरा सराव पहाटे अडीचला झाला, आणि तोवर प्रेक्षकांना घरी पाठवलेलं. साइन्झची यात काडीची चूक नसताना बदललेल्या भागांमुळे त्याला ग्रिडवर दहा स्थानांचा दंड. नियमात सूट देण्याची सोयच नव्हती. इतका तमाशा होऊनही शनिवारी रात्रीची शर्यत मात्र त्या मोसमातल्या उत्तम शर्यतींपैकी निघाली, कारण लांब सरळ रस्ते आणि थंड टायर.

मोनॅको उलट. इतिहास अफाट, शर्यत नावापुरती. २०२४ मध्ये पहिले दहा चालक ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने पोहोचले. २०२५ मध्ये दोन पिट स्टॉप सक्तीचे केले. झालं काय, तर रेसिंग बुल्सचा लॉसन मुद्दाम संथ चालवून मागचा ताफा अडवून बसला, म्हणजे सहकारी हाजारला पुढे फुकटात पिट स्टॉप मिळावा. मग विल्यम्सनेही तेच केलं. रसेल इतका वैतागला की शिकेन कापून पुढे गेला आणि दंड घेऊन बसला. गाड्या रुंद, रस्ता अरुंद. यावर पिट स्टॉपची सक्ती काय करणार?

मग खर्चमर्यादेने काही फरक पडला?

माझ्या मते गेल्या वीस वर्षांतला हा सर्वांत चांगला नियम आहे, आणि टीव्हीवर तो दिसतही नाही. २०२१ साठी मर्यादा १७.५ कोटी डॉलर ठरली होती. महामारीत सगळ्यांचे धाबे दणाणले आणि ती १४.५ कोटींवर आली. चालकांचे पगार त्यात धरत नाहीत. जोडीला विंड टनेलच्या (गाडीवरून हवा सोडून चाचणी करण्याच्या बोगद्याच्या) वेळेची उतरंड: विजेत्या संघाला सर्वांत कमी, शेवटच्याला सर्वांत जास्त. रेड बुलने २०२१ ची मर्यादा ओलांडली तेव्हा ७० लाख डॉलर दंड आणि विंड टनेलच्या वेळेत दहा टक्के कपात झाली. शिक्षा पुरेशी होती का, यावर भांडायला वाव आहे.

परिणाम मात्र समोर आहे. २०२३ मध्ये रेड बुलने २२ पैकी २१ शर्यती जिंकल्या, आणि त्याच मोसमाच्या सुरुवातीला रखडत असलेल्या मॅक्लारेनने २०२४ चं संघांचं विजेतेपद घेतलं. त्या वर्षी सात चालकांनी प्रत्येकी किमान दोन शर्यती जिंकल्या; असं पूर्वी कधीच झालं नव्हतं.

मग नव्या संघाला घ्यायला एवढी खळखळ का?

बक्षिसाच्या वाट्यात आणखी एक ताट मांडावं लागतं म्हणून. २०२१ च्या करारात नव्या संघाने बाकीच्यांना भरपाई म्हणून २० कोटी डॉलर द्यावेत अशी तरतूद होती. अमेरिकेतल्या अँड्रेटी संघाच्या अर्जाला एफआयएने २०२३ मध्ये होकार दिला, जानेवारी २०२४ मध्ये हक्कधारकाने नकार दिला. मग जनरल मोटर्स पूर्ण ताकदीने उतरली आणि कॅडिलॅक या नावाने २०२६ ची जागा मिळाली. खर्चमर्यादेमुळे संघांची किंमत वाढली आणि किंमत वाढल्यामुळे दार अधिक घट्ट बंद झालं. चांगल्या नियमाचाही असा उलटा परिणाम होतो.

नॅसकारच्या प्लेऑफवर इतका राग का?

२००३ मध्ये मॅट केन्सेथ फक्त एक शर्यत जिंकून विजेता झाला. रायन न्यूमनने आठ जिंकल्या होत्या. २००४ पासून शेवटच्या दहा शर्यतींचा ‘चेस’ (प्लेऑफ) आला, म्हणजे विजेतेपदासाठी फक्त आघाडीचे काही चालक झुंजणार; २०१४ मध्ये बाद फेऱ्या. शेवट रंगतदार होऊ लागला खरा, पण नियमाने माणसाला जे करायला फायदा ठेवला ते माणूस करतोच. २०१३ मध्ये रिचमंडला, चेसआधीच्या शेवटच्या शर्यतीत, क्लिंट बोयर सात-आठ फेऱ्या बाकी असताना गरगरला. पिवळा झेंडा (सगळ्यांनी वेग कमी करायचा इशारा) आला आणि त्याच्या संघसहकाऱ्याचा चेसमध्ये शिरकाव झाला. चौकशीअंती त्यांच्या संघाला, मायकेल वॉल्ट्रिप रेसिंगला तीन लाख डॉलर दंड, संघसहकारी बाहेर, आणि जेफ गॉर्डनला तेरावा म्हणून आत घेतलं गेलं.

‘बॅलन्स ऑफ परफॉर्मन्स’ म्हणजे फसवणूक नव्हे का?

फसवणूक नाही, तडजोड. वेगवेगळ्या कल्पनेच्या गाड्यांना वजन आणि ताकद कमी-जास्त करून जवळ आणायचं. त्याच भरवशावर कंपन्या ल मांसच्या २४ तासांच्या शर्यतीला परतल्या. पण २०२३ च्या शताब्दी शर्यतीआधी टोयोटाला ३७ किलो आणि फेरारीला २४ किलो वजन वाढवून दिलं, आणि पन्नास वर्षांनी वरच्या गटात परतलेली फेरारी जिंकली. निकाल प्रामाणिक असला तरी शंका कायमची चिकटली. त्यात संघांनी या समतोलावर जाहीर बोलायचं नाही असा नियम. बोलू दिलं असतं तर शंका कमी झाली असती.

मोटोजीपीत काय वेगळं?

तिथे मागे पडलेल्या कंपन्यांना जादा सराव आणि इंजिनात बदल करायची मुभा देतात. २०१६ मध्ये सगळ्यांना एकच इलेक्ट्रॉनिक्स प्रणाली दिली आणि त्याच मोसमात नऊ वेगवेगळे विजेते झाले. मग पंख आणि सस्पेन्शन खाली दाबणारी उपकरणं आली, मोटरसायकलींनाही ढवळलेल्या हवेचा आजार जडला, आणि २०२४ मध्ये २० पैकी १९ शर्यती डुकाटीने जिंकल्या. २०२७ ला इंजिन ८५० सीसीचं होईल, ती उपकरणं जातील, पंख आखूड होतील. २०२५ पासून मोटोजीपीही लिबर्टीच्याच हातात आहे.

धंद्याच्या भांडणात एखादी मालिका संपली आहे का?

अमेरिकेतली इंडीकार जवळपास संपली. १९९६ मध्ये इंडियानापोलिस ५०० च्या ३३ पैकी २५ जागा नव्या आयआरएल मालिकेतल्यांसाठी राखून ठेवल्या. कार्ट या आधीच्या मालिकेच्या संघांनी त्याच दिवशी मिशिगनला आपली स्वतंत्र शर्यत भरवली, आणि तिथे सुरुवातीलाच मोठा अपघात झाला. नामांकित चालक एकीकडे, नामांकित शर्यत दुसरीकडे. २००८ मध्ये दोन्ही मालिका एक झाल्या तोवर प्रेक्षक आणि प्रायोजक नॅसकारकडे गेले होते.

कंपन्यांना खूश ठेवायला २०२६ चे इंजिन नियम केले का?

बऱ्याच अंशी. निम्म्याच्या आसपास ताकद बॅटरीतून, टिकाऊ इंधन, आणि महागडं व किचकट एमजीयू-एच (टर्बोतून वीज काढणारं यंत्र) हद्दपार, ही यादी नव्याने येऊ पाहणाऱ्या उत्पादकांना सोयीची होती. ऑडी आली, होंडाने जायचं ठरवून पुन्हा थांबायचं ठरवलं, फोर्डने रेड बुलचा हात धरला. त्याची किंमत चेसिसवाल्यांनी (इंजिन सोडून बाकीची गाडी बनवणाऱ्यांनी) मोजली: बॅटरी पुरावी म्हणून हलणारे पंख आणावे लागले. इंजिन आधी ठरलं आणि मग त्याला पुरेल अशी गाडी शोधली गेली. क्रम उलटा असता तर बरं झालं असतं.

एकच संघ जिंकत राहिला तर नियम सारखे बदलावेत का?

नको. मोठ्या बदलानंतर लगेच दरी वाढते, कारण एखाद्यालाच कोडं सुटलेलं असतं: २०१४ ला मर्सिडीज, २०२२-२३ ला रेड बुल. नियम तसेच राहिले की बाकीचे नक्कल करत करत पोहोचतात. २०२२ च्या नियमांच्या चौथ्या वर्षी, २०२५ मध्ये, नॉरिसने वर्स्टापेनवर अवघ्या दोन गुणांनी विजेतेपद मिळवलं. आणि गाड्या एकमेकींच्या इतक्या जवळ आल्या, नेमक्या तेव्हाच नियमावली बदलायचं वर्ष आलं. ती तारीख कित्येक वर्षं आधी, उत्पादकांशी बोलून ठरली होती.